उघडा कंस

१ ऑगस्ट

प्रिय खारू,

मेल लांबेल, आधीच सांगते. फोनवर तू नुसतं "हं, हं" करतोस, म्हणजे ऐकतोयस की भलतंच काही चाललंय ते मला कळत नाही. म्हणून लिहितेय.

छापखाना बंद झाला हे ताईने तुला सांगितलंच असेल. बावीस वर्षं तिथे प्रुफं तपासली आणि एका सकाळी मालक म्हणाले, आता लोक छापतात कुठे! मग काही महिने मी घरी. कपाटं आवरली, मग आवरलेली कपाटं पुन्हा आवरली. बसलं की उठावंसं वाटायचं, उठलं की कशाला उठले ते आठवायचं नाही. तुझे काका एकदा म्हणाले, "अगं, आता फक्त छत घासायचं राहिलंय." त्याच आठवड्यात मी कॉलेजात अर्ज टाकला. कॉम्प्युटर सायन्स. मोठ्या वयाच्या लोकांसाठी तिथे थोड्या जागा असतात. एक मला मिळाली.

हेच का, असं विचारशील. छापखान्यात शेवटी शेवटी एक सॉफ्टवेअर आणलं होतं, चुका शोधणारं. निम्म्या चुका त्याला दिसायच्याच नाहीत, पण ज्या दिसायच्या त्या माझी पेन्सिल ओळीवर टेकायच्या आत. ते आत नेमकं काय करतं, असं मी सगळ्यांना विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही. ते काही डोक्यातून जाईना.

पहिल्या दिवशी दारावरचा माणूस म्हणाला, "पालकांनी बाहेरच्या बाकावर बसायचं." आणि मी बसले की रे! पर्स मांडीवर घेऊन, शहाण्यासारखी. बराच वेळ गेल्यावर लक्षात आलं की मीच ती विद्यार्थिनी. आत गेले तर एकच जागा रिकामी. शेजारी एक मुलगी, गळ्यात हेडफोन, अर्धे केस निळे. मला बघून ताठ बसली. तिला वाटलं, मी तपासणीला आलेय.

तू हे सगळं करून बसलायस. सुरुवात कशी करायची, काय टाळायचं, सरळ सांग. लहान मुलाला सांगतात तसं सांगितलंस तरी राग येणार नाही. काका काही बोलत नाहीत, फक्त रोज विचारतात, "डबा नेणार का?" मला ते चेष्टा करतायत की काळजी, तेच समजत नाही.

तुझी,
मावशी

२ ऑगस्ट

मावशी,

तू कमाल आहेस! आईला कळलंय का? तिच्या चेहऱ्यावरचा भाव बघायला मी तिकडे हवा होतो.

आता ऐक. वर्गातली निम्मी पोरं शाळेपासून हे खेळत आलेली असतात. धडाधड शब्द फेकतील. त्यांच्याकडे बघून गळून जाऊ नकोस. त्यातल्या अनेकांना शब्द माहीत असतात, का ते माहीत नसतं. व्हिडिओ बघत बसू नकोस. बघताना सगळं समजतंय असं वाटतं आणि कोरी स्क्रीन समोर आली की हात लुळे पडतात. रोज स्वतः लिही, चार ओळी का होईना. लाल अक्षरं आली की लॅपटॉप मिटायचा नाही. मशीन शिव्या देत नसतं, चूक कुठे आहे त्याचा पत्ता देत असतं. तो वाच. अडलीस तर चहा होईपर्यंत एकटी झगड, मग लाज न बाळगता विचार. गणिताचा तास बुडवू नकोस, तो कंटाळवाणा असतो आणि तोच पुढे हात देतो. फाईल दोन ठिकाणी ठेव.

आणि तुला सगळ्यात जड जाईल ते आता सांगतो. चुका कर. तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्यास. इथे दिवसभर स्वतःच्याच पकडायच्या असतात, आणि त्या संपत नाहीत. चिडू नकोस.

पळतो, मीटिंग आहे.

खारू

१० सप्टेंबर

प्रिय खारू,

तू म्हणालास चिडू नकोस. मी चिडते. काल काकांवर ओरडले, कारण त्यांनी चमचा बशीत ठेवताना आवाज केला. परवा बसमध्ये बसवेना म्हणून मधेच उतरले आणि उरलेला रस्ता चालत गेले, आणि तास बुडाला. तोही गणिताचा.

सुटलेला स्वल्पविराम, राहिलेलं अक्षर हे मला मशीनच्या आधी दिसतं. वर्गातली पोरं त्यासाठी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवतात. प्रूफकाकू म्हणतात मला. पण ते झालं वरवरचं. खरं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी.

शुक्रवारी द्यायचं काम ऐक. एक मजकूर दिलाय, त्यात तऱ्हेतऱ्हेचे कंस आहेत, गोल, चौकोनी, महिरपी. उघडलेला प्रत्येक कंस जिथल्या तिथे बंद झालाय का, ते प्रोग्रामने सांगायचं. मला हसूच आलं. अरे, हेच तर मी करत होते! पान समोर धरलं की न मिटलेला कंस मला असा टोचतो, जसा बुटातला खडा. आठवडाभर आधी मी बेफिकीर होते. मग लिहायला बसले. मला दिसतं, खारू, पण मी ते कसं बघते हे मला सांगता येत नाही. डोळा आधी काय करतो, मग काय करतो? मॅडम म्हणाल्या, एकावर एक ताटल्या रचतात तसं करा, उघडा कंस आला की वर ठेवा, बंद कंस आला की वरचा काढून जुळतो का बघा. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

शेजारची निळ्या केसांची मुलगी मला खूप मदत करते. हिची तऱ्हाच न्यारी. तासाला झोपते, उठते, आणि कुणी विचारलं तर बरोबर उत्तर देते. पण आळशी. मागच्या महिन्यात दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दिलं आणि पकडली गेली. पुन्हा सापडली तर वर्ष जाईल, अशी तंबी मिळालीय. मी तिला रागावले तर म्हणते, "काकू, तुम्ही आईसारख्या नका बोलू, तुमचा गृहपाठ बघा."

आता शुक्रवार अगदी तोंडावर आलाय आणि माझ्या पानावर तीन ओळी आहेत. दोन चुकीच्या. मी काय करू?

मावशी

११ सप्टेंबर

मावशी,

असं हातपाय गाळू नकोस. सोबत एक फाईल जोडलीय. मी पहिल्या वर्षाला असताना अगदी हेच काम आम्हाला दिलं होतं, त्याचा माझा प्रोग्राम. पूर्ण मार्क मिळाले होते. ओळ न् ओळ वाच, चालवून बघ.

खरं तर बघून बाजूला ठेवायला हवं आणि स्वतः लिहायला हवं. पण आता वेळ कुठाय? शुक्रवारचं तेवढं वेळेवर जाऊ दे, मग रविवारी निवांत समजून घे. पहिल्या वर्षाला सगळेच असं करतात. एका कामापायी हिंमत खचू देऊ नकोस.

आईने माझ्याबद्दल विचारलं तर सांग, कामात आहे.

खारू

२४ सप्टेंबर

खारू,

मी तुझी फाईल दिली. जशीच्या तशी. तू ओळींच्या कडेला टिपा लिहिल्या होत्यास, त्यांत ऱ्हस्व-दीर्घाचा नुसता गोंधळ होता. त्या दुरुस्त केल्या आणि वर माझं नाव घातलं. माझा हातभार एवढाच.

आज मॅडमनी मला आणि शेजारणीला बोलावलं. त्यांच्या खोलीत दोघींचे प्रोग्राम स्क्रीनवर शेजारी शेजारी उघडलेले. सारख्या ओळी पिवळ्या होतात. सगळं पान पिवळं, खारू. जिथे टिपा होत्या तिथे तेवढे पांढरे ठिपके. तिच्या टिपांमध्ये तुझ्या चुका होत्या, माझ्या टिपा शुद्ध.

मॅडम म्हणाल्या, "एकीने दुसरीचं घेतलंय. सोमवारपर्यंत मला येऊन सांगा. नाहीतर मी ठरवेन." हे बोलताना त्या फक्त तिच्याकडे बघत होत्या. माझ्या पिकल्या केसांकडे बघून त्यांनी मला केव्हाच सोडून दिलं होतं. वर मला म्हणाल्या, "तुम्ही बसा ना, उभ्या का?" तिला नाही म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मुलगी पांढरीफटक. भांडेल असं वाटलं होतं. तर हळूच विचारते, "काकू, तुम्ही माझ्या लॅपटॉपवरून घेतलंत का? घेतलं असेल तर मी नाही सांगणार. फक्त खरं सांगा." मी नाही म्हटलं. म्हणजे खरंच बोलले. तरी मान वर होईना.

तुझा प्रोग्राम तिच्याकडे गेला कसा? लगेच कळव. मला एका जागी बसवत नाहीये. काका दोनदा विचारून गेले, काय झालं म्हणून. मी म्हटलं, परीक्षा जवळ आलीय.

मावशी

२५ सप्टेंबर

मावशी,

अरे देवा. पास झालो त्या वर्षी मी माझी सगळी कामं नेटवर टाकली होती, कुणालाही बघता येतील अशी. तेव्हा त्याचा फार अभिमान होता. तिने तिथूनच उचललं असणार. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माफ कर.

आता मी सांगतो तसं कर. गप्प बस. तू तिचं घेतलेलं नाहीस, त्यामुळे "मी हिचं घेतलं नाही" एवढंच म्हण, आणि ते खरंच आहे. मॅडमना तुझ्यावर संशय नाही. ती मुलगी आधी एकदा सापडलीय, ते तिचं ती बघेल. तिचं नुकतं कुठे अठरावं सरलं असेल, तिच्यापुढे दहा वाटा आहेत. तुझ्यापुढे किती आहेत? एकदा कॉलेजातून बाहेर पडलीस की पुन्हा तुला कोण आत घेणार? मावशी, या बाजारात चाळिशी ओलांडलेल्या माणसाला उभंही करत नाहीत. तुला कल्पना नाही. मला आहे.

सोमवारी काही बोलू नकोस. प्लीज.

खारू

२ ऑक्टोबर

प्रिय खारू,

तुझा मेल आलेला दिसला होता, पण उघडायचा धीर झाला नाही, तो सोमवारी मॅडमना भेटून आल्यावर उघडला. आधी वाचला असता तर कदाचित ऐकलं असतं, म्हणून बरं झालं.

रविवारी मी काकांना सगळं सांगितलं. त्या दिवशी त्यांची पाळी होती, ते कामावर जायला बूट घालत होते. एक बूट पायात, एक हातात, तसेच ऐकत बसले. मग म्हणाले, "मग उद्या डबा नेणार ना?" आणि मला कळलं, ही चेष्टा कधीच नव्हती. तो माणूस रोज एवढंच विचारत होता, की उद्या तू जाणार आहेस ना.

सोमवारी मुलीला बरोबर घेऊन गेले आणि सांगितलं. प्रोग्राम माझा नाही, माझ्या भाच्याचा आहे, त्याने पाठवला आणि मी माझं नाव घालून दिला. मॅडमनी चष्मा काढला. "आणि हिने?" मुलगी म्हणाली, "नेटवरून." मॅडम म्हणाल्या, "म्हणजे दोघी. तुमची पहिली वेळ, हिची दुसरी. नियम तुम्हाला माहीत आहे."

वाटलं होतं, खरं बोललं की मोकळं वाटेल. कसलं! मी खरं बोलूनही तिचं वर्ष जाणारच होतं. मी खोलीतून हलेना. म्हटलं, "मॅडम, ही चोर नाही, आळशी आहे. हिला येतं. आम्हा दोघींना फळ्यापुढे उभं करा. काही न बघता, पहिल्यापासून लिहायला सांगा. जिला येईल तिचं वर्ष वाचवा."

"आणि जिला येणार नाही तिचं?"

"तिने विषय पुन्हा करायचा."

मॅडमनी विचारलं, "विचार करून बोलताय ना?" मी हो म्हटलं. विचार वगैरे काही केला नव्हता. मग त्या म्हणाल्या, या कामाचे मार्क दोघींनाही शून्यच, पण पुढचं बुधवारी फळ्यावर ठरेल.

मंगळवारी आम्ही दोघी वाचनालयात बसलो. तिने मला खऱ्याखुऱ्या ताटल्या रचून दाखवल्या, कँटीनमधून मागून आणलेल्या. त्या वाजल्या म्हणून आम्हाला बाहेर काढलं. मग पायरीवर बसलो. तेव्हा सगळं कळल्यासारखं वाटत होतं.

बुधवारी आधी ती. खडू घेतला आणि सुटलीच. मधे एकदा पुसलं, डोकं खाजवलं, पुन्हा लिहिलं. मॅडमनी दोन आडवे प्रश्न घातले, तिने न वळताच उत्तर दिलं. वाचली ती.

मग मी. उघडा कंस आला की रचायचा, लिहिलं. बंद आला की वरचा काढून जुळवायचा, लिहिलं. मॅडम म्हणाल्या, "पहिलंच अक्षर बंद कंस असेल तर? रचलेलं काहीच नाही. काढणार काय?" आणि माझं डोकं धुतल्यासारखं कोरं झालं. हात वर, खडू फळ्याला टेकलेला. मॅडम म्हणाल्या, "बसा." मी म्हटलं, "थोडं थांबा." एक ओळ लिहिली. "चूक," म्हणाल्या. पुसून दुसरी लिहिली. "हीपण चूक. बसा आता." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "का?"

चढ्या आवाजात निघालं ते. मलाच दचकायला झालं. वर्गात मी कधी हे विचारलंच नव्हतं, खारू. दोन महिने नुसती मान हलवत होते, या वयात इतका साधा प्रश्न कसा विचारायचा म्हणून. मॅडम उठल्या, माझ्या हातातला खडू घेतला आणि माझ्या दोन्ही चुकीच्या ओळी पुन्हा लिहून दाखवल्या, मशीन तिथे आल्यावर काय करेल, कुठे आपटेल. मी पुन्हा का म्हटलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. तास संपला, पोरं आत येऊ लागली, आम्ही फळ्यापाशीच.

शेवटी खडू खाली ठेवत त्या म्हणाल्या, "विषय तुम्हाला पुन्हा करावा लागेल." मी म्हटलं, "माहीत आहे."

तर आता बाकीचे तास चालू, आणि हा एक विषय जानेवारीत नव्या पोरांबरोबर. तिथेही मला कुणीतरी बाहेरच्या बाकावर बसवेलच. मुलगी रडली. मी नाही.

आता दुसरं. बुधवारी दुपारी हे सगळं तुला सांगावं म्हणून फोन केला, तो बंद. राहवेना, म्हणून तुझ्या ऑफिसात लावला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ते इथे नाहीत. मी म्हटलं, जेवायला गेलेत का? ती म्हणाली, "मॅडम, ते जुलैपासून इथे नाहीत."

मी तिला नीट बघायला लावलं. तिने नीट बघितलं.

ताईला मी काहीही बोललेले नाही. तू बोल.

मावशी

३ ऑक्टोबर

मावशी,

हो. जुलैमध्ये आमची अर्धी टीम काढून टाकली. मी त्यात. मीटिंग-बिटिंग काही नव्हती. तुझा पहिला मेल आला तेव्हा मी पलंगावर पडून होतो, दुपारी, पडदे लावून. त्या दिवसांत मला कुणी काही विचारत नव्हतं. तू विचारलंस, सुरुवात कशी करायची. मला इतकं बरं वाटलं की मी उठून आंघोळ केली.

मुलाखती देतोय. कोऱ्या स्क्रीनपुढे बसवतात, समोरचा बघत असतो, आणि साधं साधं सुचत नाही. तुला लिहिलेलं ते हात लुळे पडणं माझंच होतं. मागच्या आठवड्यात एका ठिकाणी मधेच उठून निघून आलो. तुझ्यासारखं उभं नाही राहिलो.

ती फाईल पाठवली ती तुझी घाई बघून, हे खरं आहे. पण त्या सकाळी मी माझी जुनी कामं चाळत बसलो होतो, मला कधी काही येत होतं की नाही ते बघायला. वाटलं, यातलं एक तरी कुणाच्या उपयोगी पडू दे. आणि तुझाच विषय घालवला.

आईला कसं सांगू कळत नाही. खोलीचं भाडं महिनाअखेरपर्यंत भरलंय. तोवर बघतो. पुढच्या रविवारी जमलं तर तुमच्याकडे येईन म्हणतो.

खारू

४ ऑक्टोबर

खारू,

पुढच्या रविवारी नको. उद्याच ये. सकाळची गाडी धर, काकांनी सुट्टी टाकलीय, ते स्टँडवर उभे राहतील. कपडे धुवायला काढू नकोस, तसेच आण. ताईला आपण दोघं मिळून सांगू, आधी ती ओरडेल, मग तुला जेवायला वाढेल.

माझा विषय तू घालवला नाहीस. मी घालवला, आणि पुन्हा मिळवणार आहे. त्या मुलीने मला नवीन काम दिलंय, मॅडमनी नाही, तिने. आज सकाळपासून त्याच्यावर बसलेय आणि काही जुळत नाहीये. तू आलास की टेबलाची दुसरी खुर्ची तुझी. तू तुझ्या मुलाखतीतलं सोडव, मी माझं.

पण मला काही सांगायचं नाही हं. नुसता शेजारी बस.

मावशी